शिक्का आधी, पत्र नंतर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांसाठी झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. बोलताना जे सांगितले तेच थोडे नीटनेटके करून येथे दिले आहे.)



या मालेत माझ्या आधी मधुमेहावर भाषण झालं, गच्चीतल्या बागेवर झालं. दोन्ही विषय रोजच्या उपयोगाचे. माझा विषय पोस्टाची तिकिटं. त्यातही एक अगदी कोपऱ्यातला प्रकार, पत्रावर चिकटवण्याआधीच ज्यांच्यावर शिक्का बसलेला असतो अशी तिकिटं. तुम्ही म्हणाल, याचा आम्हाला काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो का आहे ते आधी सांगतो.

गेल्या वर्ष-दीड वर्षात आपल्याच संस्थेतल्या तीन-चार घरांतून माझ्याकडे डबे आले. कुणाचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा, कुणाचं बुटांचं खोकं, एका घरातून तर उशीच्या अभ्र्यात बांधलेलं गाठोडं. आत तिकिटं, जुनी पाकिटं, आंतरदेशीय पत्रं. मला हा नाद आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून डबे माझ्या दारात येतात. आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, "काका, याचे किती येतील?"

या प्रश्नात वावगं काही नाही. यातला एक डबा आपल्या एका ताईंचा होता. त्यांच्या परवानगीनं सांगतो, नाव घेत नाही. यजमान जाऊन दोन वर्षं झाली. त्यांनी चाळीस वर्षं तिकिटं जमवली होती. कुणीतरी ताईंना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला की जुन्या तिकिटांना लाखो रुपये मिळतात. ताईंच्या मनात आलं, गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च यातून सुटेल, मुलापुढे हात पसरायला नको. आता अशा वेळी समोरच्यानं "छान आहे, सांभाळून ठेवा" असं गुळमुळीत बोलून चालत नाही. खरं सांगावं लागतं, आणि खरं सांगायचं तर आधी नीट बघावं लागतं.

त्या डब्यात सगळ्यात वर अमेरिकन तिकिटांचा एक गठ्ठा होता. प्रत्येक तिकिटावर दोन काळ्या आडव्या रेघा आणि त्यांच्यामध्ये गावाचं आणि राज्याचं नाव. शिकागो, इलिनॉय. बॉस्टन, मॅसॅच्युसेट्स. ताईंना वाटलं, ही त्या त्या शहरांनी काढलेली खास तिकिटं असणार. शेजारच्या एकांनी सांगितलं, हे वापरलेलं रद्दी सामान आहे. दोन्ही अंदाज चुकीचे. ही प्रीकॅन्सल तिकिटं. आपण त्यांना पूर्वमुद्रित शिक्क्याची तिकिटं म्हणू या.

हे नेमकं काय असतं? आपण पत्र पेटीत टाकतो, पोस्टात त्यावर शिक्का मारतात. तो शिक्का दोन कामं करतो. पत्र कुठून, कधी निघालं ते सांगतो, आणि तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ते रद्द करतो. आता समजा एखादी कंपनी एकाच दिवशी दहा हजार जाहिरातपत्रकं टाकते. पोस्टातल्या माणसानं दहा हजार वेळा ठप-ठप करायचं? त्यापेक्षा तिकिटांच्या अख्ख्या शीटवर आधीच गावाचं नाव छापून ठेवायचं. परवाना असलेल्या कंपनीनं ती विकत घ्यायची, चिकटवायची आणि गठ्ठे त्याच गावच्या पोस्टात नेऊन द्यायचे. पोस्टानं शिक्का न मारता थेट छाननीला लावायचे. वेळ वाचला, मजुरी वाचली, टपाल लवकर निघालं.

तुम्हाला ओळखीचं उदाहरण देतो. कर्जाच्या अर्जाला आपण कॅन्सल्ड चेक जोडतो. दोन रेघा मारून मध्ये 'कॅन्सल्ड' लिहितो. तो चेक पैसे काढायला निकामी झाला, पण काम करायला निकामी झाला का? नाही. खातं कुठलं, शाखा कुठली हे तो सांगतोच. तसंच हे तिकीट. रद्द होऊनच कामाला लागतं.

अमेरिकेत हा प्रकार फार वाढला. सुरुवातीला गावोगावची पोस्टं आपापल्या परीनं हे करत. कुणी हातशिक्क्यानं, कुणी गावच्या छापखान्यातून. पुढे वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्यानं तिकीट छापतानाच वर गावाचं नाव छापायला सुरुवात केली. १९१६ मध्ये त्याचा प्रयोग झाला आणि १९२३ पासून ते नेहमीचं झालं. संग्राहक पहिल्या प्रकाराला 'लोकल' आणि दुसऱ्याला 'ब्यूरो' म्हणतात. फ्रान्सनंही १९२० पासून सर्रास अशी तिकिटं वापरली. बेल्जियम, कॅनडा यांचीही आहेत.

यात एक पळवाट होती. वर तारखेचा शिक्काच नाही, तर कुणी पाकिटावरचं तिकीट काढून पुन्हा वापरलं तर? म्हणून १९३८ मध्ये अमेरिकन पोस्टानं नियम केला की वरच्या किमतीच्या प्रीकॅन्सल तिकिटांवर वापरणाऱ्यानं आपली आद्याक्षरं आणि महिना-वर्ष घालायचं. बँकेत आपण व्हाउचरवर 'पेड'चा शिक्का तारखेसकट का मारतो? कारण तेच. एकच व्हाउचर दोनदा पास होऊ नये.

आता इथे एक फरक लक्षात ठेवा, कारण फसगत इथेच होते. आपल्या लहानपणी वह्या-पुस्तकांच्या दुकानात रंगीत परदेशी तिकिटांची पाकिटं मिळायची. हंगेरी, पोलंड, आखातातलं अजमान. मोठाली, घोडे, फुलपाखरं, रॉकेटं. कोपऱ्यात शिक्क्याचा अगदी नीटस पाव तुकडा. तिकीट उलटं केलं तर मागे डिंक जसाच्या तसा! म्हणजे ते कधी पत्रावर चिकटलंच नव्हतं. संग्राहकांना स्वस्तात विकण्यासाठी त्या देशांनी शीटच्या शीट शिक्का मारून दिलेली ती तिकिटं. शिक्का आधी तिथेही आहे आणि प्रीकॅन्सललाही आहे. पण प्रीकॅन्सल पत्र वाहण्यासाठी होतं, हे दुकानात विकण्यासाठी होतं. त्यामुळे कुठलंही तिकीट हातात आलं की पहिला प्रश्न विचारायचा, या तिकिटानं काम केलं का?

दुसरा प्रश्न, वेगळेपण कशामुळे आलं?

तिकिटांमध्ये वेगळेपणाला फार किंमत असते असं आपण ऐकतो. उलटा छाप, दुहेरी छाप, अक्षर चुकलेलं. पण प्रत्येक वेगळेपणाला किंमत नसते. प्रीकॅन्सलमध्ये हे फार छान समजतं. 'लोकल' तिकिटांवर पोस्टातला कारकून हातानं शिक्के मारत होता. शीट कधी सुलटी धरली, कधी उलटी. त्यामुळे उलट्या शिक्क्याची लोकल तिकिटं भरपूर सापडतात, त्यांचं कौतुक थोडंच. पण 'ब्यूरो' तिकिटं मोठ्या यंत्रावर छापली जात, वर तपासणी होई. तिथे छाप उलटा किंवा दुहेरी गेला तर तो अपघात. त्याला किंमत येते. म्हणजे चूक किती मोठी दिसते याला महत्त्व नाही. ती घडणं किती अवघड होतं याला आहे.

तिसरा प्रश्न, आवक किती आणि गिऱ्हाईक किती? हे चांदवडकरांना मी काय शिकवणार! मार्केट यार्डात तोच कांदा, पण आवक वाढली की भाव पडतो. उन्हाळ कांद्याचा भाव वेगळा, गोल्टीचा वेगळा. प्रीकॅन्सलचंही तसंच. शिकागो, न्यूयॉर्क या नावांची तिकिटं पोत्यानं आहेत, कारण मोठ्या कंपन्या तिथेच. तेच तिकीट, त्याच साली, त्याच रंगाचं, पण वर एखाद्या लहान खेड्याचं नाव असेल आणि त्या खेड्यानं हजारभरच वापरली असतील, तर ते शोधणारे लोक असतात. जुनं म्हणजे महाग, हा हिशोब इथे लागू होत नाही. शंभर वर्षांपूर्वीचं शिकागो स्वस्त आणि सत्तर वर्षांपूर्वीचं खेडेगाव महाग असं होऊ शकतं.

चौथा प्रश्न, प्रकृती कशी आहे? दाते तुटलेत का, कागद पातळ झालाय का, मागे चिकटपट्टीचे डाग आहेत का? कधी कधी दोष जन्मापासूनच असतो. १९७४ च्या नाताळात अमेरिकेनं एक प्रीकॅन्सल तिकीट काढलं, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कबुतराचं. अमेरिकेचं हे पहिलं स्वतः चिकटणारं तिकीट. मागचा कागद सोलायचा आणि लावायचं. पण त्याचा गोंद असा की काही वर्षांत आतून बाहेर येऊन तिकीट डागाळून टाकतो. कितीही जपा, डाग पडतातच.

आणि पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हे खरं आहे याला पुरावा काय? तो प्रश्न आपल्याला थेट आपल्या घरातल्या पेट्यांपर्यंत आणतो.

आपल्याकडे अमेरिकेसारखी गावाचं नाव छापलेली तिकिटं रुजली नाहीत. मोठ्या पत्रव्यवहाराला फ्रँकिंग मशीन आलं. बँकेच्या जावक टेबलावर ते ज्यांनी फिरवलंय त्यांना त्याचा खटका आठवत असेल. पण वापरण्याआधीच तिकिटावर खूण करायची, ही कल्पना आपल्याकडेही होती. मुंबईतल्या बँका आणि पेढ्या तिकिटांना बारीक भोकं पाडून त्यात आपली आद्याक्षरं उठवत. कशासाठी? नोकरानं ऑफिसची तिकिटं नेऊन बाहेर विकू नयेत म्हणून! पूर्वी लोक अशी तिकिटं "भोक पडलंय" म्हणून फेकून देत. आता ती भोकं वाचणारे, कुठली अक्षरं कुठल्या बँकेची हे लावणारे संग्राहक आहेत.

दुसरी खूण म्हणजे ओव्हरप्रिंट, छापलेल्या तिकिटावर पुन्हा छापणं. इथे आपली मराठी घराणी येतात. चांदवडला होळकरांचं नाव सांगायला नको, रंगमहाल समोर उभा आहे. होळकरांच्या इंदूर संस्थानानं १८८६ मध्ये स्वतःचं तिकीट काढलं, त्यावर दुसऱ्या तुकोजीरावांचं चित्र. पण ते चालायचं संस्थानाच्या हद्दीतच. तेव्हा चांदवड इंग्रजी मुलखात गेलेलं, त्यामुळे इंदूरहून इकडे पत्र पाठवायचं तर इंग्रज सरकारचं तिकीट लागे. शिंद्यांच्या ग्वाल्हेरनं वेगळी सोय केली. १८८५ पासून इंग्रज सरकारच्याच तिकिटांवर इंग्रजीत आणि नागरीत 'ग्वालियर' छापून घेतलं. ती तिकिटं लावलेलं पत्र संस्थानाबाहेरही जाई. त्या छपाईत खिळे जुळवणाऱ्यानं एका जागी इंग्रजी 'ओ'ऐवजी 'सी' लावला. चांबा संस्थानाच्या तिकिटांवर तर एका ठिकाणी 'एच' नंतर 'ए' यायचा तिथे 'एम' आला, अक्षरांची अदलाबदल झाली. पूर्ण शीटमध्ये एखाद्याच जागी ही चूक, बाकी सगळी बरोबर. म्हणून ती चूक मौल्यवान. पण ती ओळखायला बरोबरची शेकडो तिकिटं डोळ्यांखालून गेलेली असावी लागतात.

आणि छपाईचं म्हणाल तर नाशिक रोडचा आपला सिक्युरिटी प्रेस किती जवळ! १९२६ पासून भारताची तिकिटं तिथे छापली जाऊ लागली. त्याआधी ती लंडनहून येत. पाचव्या जॉर्जचं तेच चित्र, तोच रंग, पण लंडनच्या कागदात प्रत्येक तिकिटामागे एक तारा आणि नाशिकच्या कागदात बऱ्याच ताऱ्यांची नक्षी. समोरून बघितलं तर फरक कळत नाही, उलटं करून उजेडात धरलं की कळतो. १९२९ च्या विमान टपालाच्या मालिकेत एका तिकिटावर झाडाचा शेंडाच छापायचा राहिलाय. आणि आजच्या प्रसंगाला साजेसं सांगायचं तर १९३५ मध्ये पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाची मालिकाही नाशिकलाच छापली. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर गेट वे ऑफ इंडिया आहे. कुणाच्या घरी असेल तर आपल्या रौप्यमहोत्सवात ते जरूर दाखवा.

आता ताईंच्या डब्यातल्या तळाच्या थराकडे वळतो. तिथे १९७१-७२ ची पाकिटं होती.

ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते. त्यांच्या मदतीसाठी सरकारनं १५ नोव्हेंबर १९७१ पासून, काही अपवाद सोडले तर, प्रत्येक टपालावर ५ पैशांचं जादा तिकीट सक्तीचं केलं. नवीन तिकीट छापून तयार नव्हतं. मग काय केलं, कुटुंबनियोजनाचं ५ पैशांचं तांबडं तिकीट चालू होतं, त्यावरच 'शरणार्थी सहायता' आणि इंग्रजीत 'रेफ्युजी रिलीफ' असं छापलं. नाशिकची ही छपाई दोन्ही भाषांत आहे. पण एवढ्या मोठ्या देशात माल वेळेत पोचेना. मग बंगळूर, जयपूर अशा ठिकाणी स्थानिक छपाई झाली, आणि कितीतरी पोस्टांत रबरी शिक्के करून हातानं उठवले. १ डिसेंबरला निर्वासितांचं चित्र असलेलं नवीन तिकीट आलं, आणि मार्च १९७३ अखेर हा कर बंद झाला.

म्हणजे ती घाईची ओव्हरप्रिंट तिकिटं मुख्यतः जेमतेम पंधरा दिवसांच्या गरजेची. कल्पना करा, किती तऱ्हा झाल्या असतील. जांभळी शाई, काळी शाई, उलटा शिक्का, तिरका शिक्का. संग्राहकाला पर्वणीच! पण हाच खोटेपणाचाही राजमार्ग. रबरी शिक्का आज कुठल्याही गावात शंभर-दोनशे रुपयांत करून मिळतो. तांबडं साधं तिकीट दोन रुपयांचं, त्यावर शिक्का उठवला की झालं 'दुर्मिळ'. सुट्या तिकिटावरून खरं-खोटं ठरवणं तज्ज्ञालाही जड जातं.

मग खरं कसं ठरवायचं? पूर्ण पाकीट असेल तर. पाकिटावर तिकीट, तिकिटावर अर्धा आणि पाकिटावर अर्धा असा पोस्टाचा शिक्का, त्यात गाव आणि तारीख, मागे पोचल्याचा शिक्का, आत पत्र आणि पत्रावर लिहिणाऱ्यानं घातलेली तारीख. हे सगळं एकमेकांशी जुळलं की तो पुरावा झाला. बँकेत सही जुळवतो, तारीख जुळवतो, शिक्का जुळवतो, तसंच. एक साक्षीदार फोडता येतो, पाच साक्षीदार फोडणं कठीण.

प्रीकॅन्सललाही हेच लागू आहे. त्यावर तारीख नसते, त्यामुळे सुटं तिकीट फारसं बोलत नाही. पण तेच पूर्ण पाकिटावर असेल तर कुठल्या कंपनीनं, कुणाला, कुठल्या दरानं पाठवलं हे सगळं कळतं. गंमत अशी की जाहिरातीची पाकिटं कोण जपून ठेवतं? सगळ्यांनी फाडून टाकली. म्हणून प्रीकॅन्सल लावलेली पूर्ण पाकिटं सुट्या तिकिटांपेक्षा कितीतरी कमी उरली आहेत.

ताईंच्या यजमानांनी १९७१ च्या नोव्हेंबरातली, त्यांना त्यांच्या थोरल्या भावानं लिहिलेली तीन पाकिटं जशीच्या तशी ठेवली होती. बाकीच्या शेकडो पाकिटांवरची तिकिटं मात्र कात्रीनं चौकोनी कापून काढलेली. ज्या पेटीत सगळ्यात जास्त माहिती होती, तीच कात्रीनं गेली. यात त्यांचा दोष नाही. त्या काळी सगळेच असं करत, आल्बममध्ये तिकीटच लावायचं असतं अशी समजूत होती.

आता किमतीचं. बँकेत आपण गहाण मालाच्या तीन किमती बघत असू. दर्शनी, पुस्तकी आणि प्रत्यक्ष विकली तर येणारी. तिकिटांतही तीन आहेत. तिकिटावर छापलेली, कॅटलॉगमध्ये छापलेली आणि हातात पडणारी. कॅटलॉगमधली किंमत म्हणजे व्यापारी चांगल्या प्रतीचं एक तिकीट ज्या भावानं विकेल तो भाव. त्याच व्यापाऱ्याला तुम्ही विकायला गेलात तर त्यातला छोटा हिस्साच मिळेल, आणि साध्या तिकिटांना तर तेवढंही नाही. सोन्याची मोड आणि घडणावळ आपल्याला कळते, तसंच हे.

व्हिडिओत दाखवतात ते खोटं नसतं, अपुरं असतं. १९४८ साली गांधीजींचं १० रुपयांचं तिकीट निघालं. त्यातल्या फक्त १०० तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी 'सर्व्हिस' असं छापलं. २०१७ मध्ये अशा चार तिकिटांची एक पट्टी लंडनच्या व्यापाऱ्यानं ५ लाख पौंडांना विकली. हे खरं आहे. पण आपल्या घरी आहे ते बिनछापाचं गांधी तिकीट, त्याचं गणित वेगळं. आणि छापाचं कुणी विकायला आणलं तर आधी खोटंच समजा, कारण एक शब्द छापणं फार सोपं आहे.

बँकवाला म्हणून आणखी एक सांगितलंच पाहिजे. तिकिटांत पैसे गुंतवा, ठरावीक परतावा देतो, असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून दार लावून घ्या. स्पेनमध्ये आफिन्सा आणि फोरम फिलातेलिको या दोन कंपन्यांनी हेच केलं. तिकिटं फुगवलेल्या भावानं गिऱ्हाइकाच्या नावावर करायची, वर व्याज द्यायचं, आणि जुन्यांचं व्याज नव्यांच्या पैशातून. २००६ च्या मे महिन्यात पोलिसांनी छापे घातले तेव्हा चार लाखांहून अधिक लोकांचे पैसे अडकले होते. त्यात बरेच पेन्शनर होते. भावच खोटा होता.

तर ताईंना मी काय सांगितलं? सांगितलं, ताई, ऑपरेशनचा हिशोब यावर धरू नका. सुट्या तिकिटांचे, अमेरिकन गठ्ठ्यासकट, काही हजार रुपये आले तर खूप झाले. ती तीन पाकिटं मात्र वेगळी ठेवा. विकायचीच झाली तर आल्बमबरोबर किलोवर देऊ नका, वेगळी द्या, आधी जाणकाराला दाखवा. ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी एक पाकीट उघडून पत्र वाचलं. भाऊंनी लिहिलं होतं की पोस्टात आजपासून पाच पैसे जास्त घेतात, पण चालेल, त्या बिचाऱ्यांना अंगावर पांघरूण तरी मिळेल. ताई म्हणाल्या, "हे मुलाला वाचून दाखवते." ऑपरेशन पुढे त्यांच्या मेडिक्लेममधून झालं, आता त्या जिना चढतात, आज इथे बसल्या आहेत.

शेवटी हाताशी ठेवण्यासारख्या चार गोष्टी.

एक, जुन्या पाकिटावरचं तिकीट कापू नका, पाण्यात भिजवून सोडवू नका. आधी पूर्ण पाकीट जाणकाराच्या नजरेखालून जाऊ द्या. एकदा सोडवलेलं पुन्हा जोडता येत नाही.

दोन, शिक्का वाचा. तिकिटापेक्षा शिक्का बोलका असतो. इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत आपल्या गावाचं नाव 'चांदोर' असं येतं. जुन्या पाकिटावर इंग्रजी अक्षरांत तसं दिसलं तर ते गोव्यातलं चांदोर समजून बाजूला टाकू नका. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता, तिथे तिकिटं पोर्तुगिजांची. तिकीट राणी व्हिक्टोरियाचं किंवा जॉर्ज राजाचं असेल तर ते आपलं चांदवड असण्याचीच शक्यता जास्त. आपल्या गावाच्या टपालाचा इतिहास कुणाच्या तरी माळ्यावर पडलाय.

तीन, सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन, यातलं काहीही तिकिटाला लावू नका. कोरड्या कागदात, उभं, कसर लागणार नाही असं ठेवा. पावसाळ्यानंतर एकदा उघडून वारा द्या. तिकीट बोटानं नाही, चिमट्यानं उचला.

चार, मुलांसाठी. आपल्या पोस्ट खात्याची 'दीनदयाळ स्पर्श' नावाची शिष्यवृत्ती आहे. सहावी ते नववीच्या मुलांना तिकीट संग्रहासाठी वर्षाला ६००० रुपये. शाळेच्या फिलाटेली क्लबचं सभासदत्व किंवा पोस्टात स्वतःचं फिलाटेली डिपॉझिट खातं लागतं, ते २०० रुपयांत उघडतं. पालकांनी चौकशी करावी. आणि अमेरिकेत, इंग्लंडात ज्यांची मुलं आहेत त्यांनी एवढंच सांगावं की जाहिरातीचं पाकीट आलं तरी फेकू नका, पूर्ण आणा.

आपल्या पिढीनं पत्रं लिहिली. मुलांनी ईमेल लिहिले, नातवंडं तर तेही लिहीत नाहीत. यापुढे नवी पत्रं तयार होणार नाहीत, जी आहेत तेवढीच. संस्थेची इमारत पंचवीस वर्षांची झाली. घरं रंगवली जातील, माळे रिकामे होतील, रद्दीवाला येईल. त्याच्या काट्यावर गठ्ठा ठेवण्याआधी एकदा उघडून बघा, एवढीच माझी विनंती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी संस्थेच्या ऑफिसात भिंग घेऊन बसेन. सचिवांनी टेबल द्यायचं कबूल केलं आहे. डबा घेऊन या. किती येतील ते मी खरं सांगेन. कमी असलं तर कमीच सांगेन, पण आत काय आहे तेही सांगेन.

 संस्थेला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.